मे महिन्यातला स्वेटर



गेल्या मे महिन्यात मी घरी फोन करून स्वेटर मागवला. आई आधी गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, "बरं नाही का रे तुला? ताप-बिप आलाय का?" परभणीत तेव्हा कुलरसुद्धा गरम वारा फेकत होता. तिचं काय चुकलं?

माझी तेव्हा मगरपट्ट्यातल्या एका कंपनीत इंटर्नशिप चालू होती. मांजरीहून बसमध्ये उभं राहून जायचं. उतरेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असायचा आणि काचेचं दार उघडलं की एकदम महाबळेश्वर! माझी खुर्ची नेमकी एसीच्या जाळीखाली. पहिल्या दिवशी वाटलं, वा, काय सुख आहे! तासाभरात बोटं गारठली.

दुसऱ्या आठवड्यात रिव्ह्यू होता. उभा राहिलो तर हात थरथरताहेत, आवाजही. साहेब माणूस चांगला. म्हणाले, "घाबरू नकोस, कॉन्फिडन्स ठेव." अहो, मी घाबरलो नव्हतो, मला थंडी वाजत होती! पण ते सांगायचा धीर झाला नाही. गावाकडच्या पोराला एसी सोसत नाही असं कोणी म्हणू नये, एवढंच डोक्यात.

शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्यापेक्षा हुशार निघाली. स्कूटीवर उन्हासाठी तोंडाला बांधलेला स्कार्फ ती आत आली की खांद्यावरून पांघरून बसायची. आम्हा पोरांकडे तेवढंही नव्हतं.

मग म्हटलं, आपण इंजिनिअर होणार ना, जरा पुस्तक उघडून बघू. कपड्यांची ऊब मोजायला १९४१ पासून 'क्लो' नावाचं एकक आहे. २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला बरं वाटेल इतके कपडे म्हणजे १ क्लो. कोट-पँटचा सूट साधारण तेवढा भरतो. आपला हाफ शर्ट आणि पँट जेमतेम अर्धा क्लो! म्हणजे कोटवाल्या साहेबाला बरं वाटेल अशी थंडी ठेवली की हाफ शर्टवाला कुडकुडणारच.

पुढे डेन्मार्कच्या फँगर यांनी १९७० च्या सुमारास सुखाचं सूत्रच मांडलं. हवेचं तापमान, भिंतींची उष्णता, वारा, दमटपणा, शरीराची हालचाल आणि कपडे अशा सहा गोष्टी त्यात येतात. २०१५ साली एका संशोधनाने दाखवून दिलं, की कार्यालयांसाठी धरलेला शरीराच्या उष्णतेचा आकडा पुरुषाचा आहे आणि बायकांच्या बाबतीत तो बराच जास्त पडतो. म्हणजे शेजारणीचा स्कार्फ हा नाजूकपणा नव्हता, सूत्रातली चूक ती अंगावर झेलत होती.

आता कामाचं. बसमधला ओला शर्ट अंगावर ठेवून एसीत बसू नका. घाम सुकताना अंगातली ऊब घेऊन जातो. आत सुती बनियन घाला, जमलं तर पोचल्यावर बदला. मोजे आणि फुल शर्ट घाला, बाही बाहेर दुमडायची आणि आत सोडायची. पातळ स्वेटर साधारण पाव क्लोची भर घालतो, म्हणजे बसून काम करणाऱ्याला खोली दीडेक अंशाने उबदार झाल्यासारखी वाटते. तो ऑफिसच्या खुर्चीवरच राहू द्या. आणि खुर्ची जाळीखाली असेल तर सरळ सांगा. लाजू नका, मी लाजलो तेवढं पुरे.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. बाहेर चाळीस अंश असताना आत स्वेटर घालायला लागतो, तर चूक स्वेटर विसरणाऱ्याची कशी? जपानने २००५ मध्ये 'कूल बिझ' मोहीम काढली. एसी २८ अंशांवर, टाय-कोट घरी. खुद्द पंतप्रधान कोइझुमी टायशिवाय दिसू लागले. आपल्याकडेही बीईईने जानेवारी २०२० पासून नव्या रूम एसीचं मूळ सेटिंग २४ अंश केलंय. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं तीच संस्था सांगते. आणि एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता बाहेर फेकतो, हे थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या तासाला शिकलोय आपण. ती बाहेर कोणाच्या अंगावर जाते? जाड युनिफॉर्म घालून गेटवर उभ्या असलेल्या वॉचमनकाकांच्या!

म्हणून आमच्या प्लेसमेंटवाल्या सरांना एक विनंती. उन्हाळ्यातल्या इंटरव्ह्यूला टाय-ब्लेझरची सक्ती नको. पोरं उधारीवर ब्लेझर आणतात, घामाघूम होऊन पोचतात आणि त्या ब्लेझरसाठी म्हणून हॉलचा एसी अठरावर जातो. स्वच्छ, इस्त्रीचा सुती शर्ट पुरेसा नाही का?

आणि मित्रांनो, उद्या आपल्यातलाच कोणीतरी एखाद्या इमारतीचा एसी डिझाइन करेल. तेव्हा आकडा टाकण्याआधी जाळीखालच्या खुर्चीत तासभर बसून बघा. हाफ शर्ट घालून!