ग्रंथपाल गेले, किल्ली कोणाच्या हातीं?

आमच्या भागांतील एका अनुदानित माध्यमिक शाळेचे ग्रंथपाल नुकतेच सेवानिवृत्त झाले. निरोपसमारंभास आम्ही हजर होतों. शालश्रीफळ झालें, भाषणें पुष्कळ झालीं. पण त्यांच्या जागीं कोण येणार, हा प्रश्न एकाही वक्त्यानें काढला नाहीं. शेवटीं ग्रंथपालांनीं कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. आम्हीं विचारलें तेव्हां उत्तर मिळालें, "जागा भरण्यास मंजुरी नाहीं." म्हणजे माणसाबरोबर त्याच्या जागेलाही निरोप मिळाला!

शेतकरी व कारागीर बंधूंनो, हे गृहस्थ काय करीत होते तें ऐका. सुताराच्या पोराला मोजमापाचें पुस्तक त्यांनीं स्वतः शोधून दिलें. मेंढरांमागें कोंकणांत उतरणाऱ्या धनगराच्या मुलीस पुस्तक परत करण्याची मुदत त्यांनीं मृगापर्यंत वाढवून दिली. ज्या घरांत पंचांगापलीकडे छापील कागद नाहीं, त्या घरच्या मुलांस ग्रंथपाल म्हणजे विद्येच्या दारावरचा आपला माणूस होय.

पैसा नाहीं, असें सरकार म्हणतें. मग आमचा पैसा जातो कोठें? खत, साबण, काडेपेटी घेतांना आपण कर भरतोंच. शिवाय २००४ पासून केंद्र सरकार शिक्षणाच्या नांवानें उपकरही घेत आलें आहे. कोठारी आयोगानें १९६६ सालीं राष्ट्रीय उत्पन्नाचे शेंकडा ६ शिक्षणावर खर्चावे असें सांगितलें; २०२० च्या शैक्षणिक धोरणानें तोच आंकडा पुन्हां लिहिला. मधल्या ५४ वर्षांत तो एकदांही गांठला गेला नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें होतें, कीं महसूल रयतेच्या घामांतून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात. आज राज्यकर्ते आपलेच, तरी गाऱ्हाणें तेंच!

कायद्याचीही मौज पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचींत प्रत्येक शाळेंत ग्रंथालय हवें, त्यांत वर्तमानपत्रें, मासिकें व गोष्टींचीं पुस्तकें हवींत, असें आहे. पण तें सांभाळण्यास माणूस हवा, हें तेथें कोठेंच नाहीं. विहीर खणावी आणि दोर-पोहरा देऊं नये, त्यांतलाच हा प्रकार! शिक्षक कपाट उघडतील म्हणावें, तर त्यांच्या मानेवर निवडणूक आणि जनगणना आहेच. मोबाईलवर सारें मिळतें म्हणावें, तर शहरांतील महागड्या शाळा आपल्या जाहिरातींत ग्रंथालयाचें चित्र कां छापतात?

कवळाण्याच्या शेतकरी घरांत जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर बसले. त्यांनीं १९०६ सालीं राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. पण वाचावयास शिकलेला रयतेचा पोर पुस्तकावांचून पुन्हां निरक्षर होईल, हें त्यांनीं ओळखलें. म्हणून १९१० सालीं अमेरिकेहून बोर्डन नांवाचे जाणते ग्रंथपाल आणवून त्यांनीं राज्यभर वाचनालयें उभारलीं आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवल्या. एका संस्थानिकाला जें सुचलें, तें लोकांनीं निवडलेल्या सरकारास सुचूं नये काय?

ज्ञान कुलुपांत ठेवून आमच्या पूर्वजांस अज्ञानांत ठेवलें गेलें. आज पोथीला सोंवळें उरलें नाहीं, पण कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली धरणारा माणूस नाहीं. परिणाम एकच.

म्हणून रडत बसूं नका. पहिली ते आठवीच्या अनुदानित व सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे किमान पाऊण सभासद पालकच असावेत, असा कायदा आहे. त्या बैठकीस मजुरी बुडाली तरी जा. कपाट उघडून दाखवा म्हणा. ग्रंथपालाची जागा भरण्याची मागणी ठरावांत लिहून घ्या, ग्रामसभेंतही तोच ठराव करा आणि त्याची नक्कल आमदारांच्या हातीं द्या. मत मागण्यास ते येतील तेव्हां पहिला प्रश्न हाच विचारा. आपल्या पोरांच्या पुस्तकांची किल्ली आपण मागितल्यावांचून कोणी आणून देणार नाहीं.