निवाऱ्याची झडती कोण घेणार ?

शेत पिकलें नाहीं, माग बंद पडला, म्हणजे आमचा माणूस शहराची वाट धरतो आणि पुष्कळदां पहिली रात्र फुटपाथावर काढतो. मोठ्या शहरांत दर लाख वस्तीस शंभर माणसांचा एक निवारा, हा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम २०१० सालचा आहे. २०११ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाख होती. म्हणजे निवारे सव्वाशेंच्या घरांत पाहिजेत. कागदावरच्या निवाऱ्यांत पाठ टेकतां येत नाहीं. म्हणूनच २०१६ सालीं त्याच न्यायालयास माजी न्यायमूर्ति कैलास गंभीर यांच्या अध्यक्षतेखालीं तपासणी कमिटी नेमावी लागली. आमचें सरकारास सांगणें इतकेंच कीं, झडती रात्रीं, न कळवितां घ्यावी. आणि घेणाऱ्यांत तेथें निजणारा एक मजूर असावा. ज्याचा तराजू त्यानेंच पारखला, तर माप खरें कसें निघेल ?