'नुसता' पाल्याचा हार?



हवाईतल्या लग्नांचे फोटो पाहून पुष्कळ जणी म्हणतात, "किती साधं! फुलं नाहीत, जर नाही, नुसता पाल्याचा हार." या 'नुसता' शब्दालाच माझा आक्षेप आहे.

नवरदेवाच्या दोन्ही खांद्यांवरून मोकळा सुटलेला तो हिरवा हार म्हणजे माइले लेई. माइले ही तिथल्या रानातली वेल. बागेत ती सहजी वाढत नाही, म्हणून हारासाठी बहुतेक रानातूनच आणावी लागते. जाणती माणसं रानात शिरताना परवानगी मागतात, एका वेलीचे थोडेच फुटवे घेतात, मूळ उपटत नाहीत. मग देठ ठेचून आतली काडी ओढून काढायची. साल आणि पानं मात्र अखंड राहिली पाहिजेत. अशा साली एकमेकींना गाठून दोन-तीन पदर पिळले की हार होतो. गोड वास येतो तो सोललेल्या सालीचा आणि पानांचा.

मी बी.कॉम. आहे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते. वेल हे मुद्दल, फुटवा हे व्याज. व्याजावर घर चालतं. मुद्दल खाल्लं की दिवाळं निघतं. जुन्या लोकांचे नियम हा भाबडेपणा नव्हे, चोख जमाखर्च आहे.

आता मात्र लग्न, पदवीदान, दुकानाचं उद्घाटन, सगळीकडे माइले हवी. मागणी इतकी की कुक बेटांवरूनही ती हवाईत येते. "आम्ही पैसे मोजतो ना!" असं म्हणून चालणार नाही. पैसे विकणाऱ्याला मिळतात, वेलीला नाही.

मग परंपरा सोडायची का? मुळीच नाही. हुला नृत्याची देवता लाका, तिच्या वेदीवर माइले वाहतात. तिथला तिचा मान तिथेच राहू द्या. पण फोटोपुरता हार हवा असेल तर अंगणातली 'ती' नावाची रुंद पानं आहेतच. मधली शीर काढायची, इस्त्रीने मऊ करायची आणि पिळायची. हारही होतो, रानही राहतं.

यात परंपरेचा अपमान आहे म्हणणाऱ्यांना एकच सांगते. हवाईत ओहियाच्या झाडांना बुरशीचा रोग लागला, तेव्हा अनेक हुला गुरूंनी त्याची फुलं घेणं आपणहून थांबवलं. परंपरा ज्यांची, त्यांनीच आधी हात आवरला. मग केवळ हौसेखातर हार घालणाऱ्यांनी हात सैल का सोडावा?

पाला आहे म्हणून फुकट समजू नका. हार घालण्याआधी एवढं तरी विचारा, की वेल मागे राहिली आहे ना?