पुसलेल्या फितींचा संग्रह

बीटल्सच्या नभोवाणीवरील ध्वनिमुद्रणांचा 'लाइव्ह ॲट द बीबीसी' हा संग्रह १९९४च्या नोव्हेंबरात प्रकाशित झाला. भक्तांच्या खिशाकडे पाहून काढलेला हा उरलासुरला माल आहे, असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही भेटतात. त्यांच्याहून जाणते असलेले लोक या गाण्यांना 'कच्चे खर्डे' म्हणतात. आम्हांला हा दुसरा शब्द अधिक घातक वाटतो, कारण तो साहित्याच्या वर्गातून उचललेला आहे आणि येथे तो सर्वस्वी चुकीचा आहे.

खर्डा हा छापील संहितेच्या आधीचा असतो. येथे मात्र कित्येक गाणी तबकडी बाजारात आल्यानंतर नभोवाणीवर गायिलेली आहेत. त्यामागे एक रूक्ष व्यावहारिक कारण होते. वादकांची संघटना आणि ध्वनिमुद्रिका-कंपन्या यांच्याशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला तबकड्या मोजकेच तास वाजवता येत. उरलेला वेळ गायक-वादकांना स्टुडिओत बोलावून भरावा लागे. मार्च १९६२ ते जून १९६५ या काळात बीटल्सनी बीबीसीसाठी ८८ निरनिराळी गाणी मिळून २७५ वेळा गायिली. त्यांतली ३६ गाणी त्यांच्या त्या काळच्या एकाही तबकडीवर नाहीत. १९६३च्या उन्हाळ्यात 'पॉप गो द बीटल्स' या मालिकेचे १५ भाग झाले. दर आठवड्याला नवे काही हवे, म्हणून ही मंडळी चक बेरी, आर्थर अलेक्झांडर आणि (आमच्या आवडीची विसंगती) ग्रीक संगीतकार मिकिस थिओडोराकिस यांच्यापर्यंत हात लांबवत होती. एखाद्या कवीने वाचलेल्या पुस्तकांची यादी नव्हे, तर त्याने पाठ केलेल्या कविताच आपल्या हाती याव्यात, तसे हे आहे. लेनन 'सोल्जर ऑफ लव्ह' गातो तेव्हा त्याने काय घेतले आणि त्याचे काय केले, हे चरित्रकाराच्या मध्यस्थीवाचून ऐकू येते.

'प्लीज प्लीज मी'मधली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी मुद्रित झाली होती, हेही विसरता कामा नये. त्या वर्षी तबकडी आणि नभोवाणी यांत फार अंतर नव्हते. 'अंतिम पाठ' ही कल्पना पुढे, स्टुडिओतच रचना घडू लागल्यावर आली. ती मागे नेऊन १९६३वर लादणे हा कालविपर्यास होय.

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. बीबीसीने यांतल्या बहुतेक फिती जपल्या नाहीत. फीत महाग, कार्यक्रम क्षणिक, म्हणून तीच पुन्हा वापरली गेली. जे उरले त्यातले काही परदेशी प्रक्षेपणासाठी काढलेल्या तबकड्यांवर आणि काही श्रोत्यांनी घरी रेडिओवरून उतरवून घेतलेल्या फितींवर. त्यामुळे काही ठिकाणी आवाज दबलेला आहे, खरखर आहे. यावर नाक मुरडणाऱ्यांचे आम्हांला नवल वाटते. गाथेच्या एकेका पाठभेदावर पानेच्या पाने खर्ची घालणारे आपण, येथे मात्र लख्ख आवाज मागतो! ती खरखर म्हणजे हस्तलिखितावरचे वाळवीचे छिद्र आहे. हा पाठ कोणाच्या घरातून आला हे तीच सांगते.

संग्रहातल्या ६९ तुकड्यांपैकी १३ नुसत्या गप्पांचे आहेत. निवेदकाशी केलेली ही थट्टामस्करी पुष्कळांना नकोशी वाटते. आमची तक्रार उलट आहे: त्या आणखी हव्या होत्या.