वंशावळीचा द्राविडी प्राणायाम

मशीहावादी मंडळींतल्या एका विद्वानांचा शोध असा: येशूला मशीहा मानणाऱ्या परराष्ट्रीयाला शब्बाथाची ओढ लागली, वल्हांडण सण पाळावासा वाटला, की तो परराष्ट्रीय नव्हेच! इ.स.पू. ७२२च्या सुमारास अश्शूरांनी शोमरोन घेतले, उत्तरेची कुळे पांगली. हा त्यातलाच एफ्राइमाचा वंशज. पुरावा? ओढ हाच पुरावा. या न्यायाने मोदक आवडणारा प्रत्येक जण मूळचा कोकणातला.

मग इ.स. ४९च्या सुमारास यरुशलेमेत प्रेषित आणि वडील जमले ते कशाला? सुंतेवाचून तारण नाही, असे यहूदीयातून आलेल्यांनी अंत्युखियात सांगितले. पौल-बर्णबांशी त्यांचे वाजले आणि प्रकरण यरुशलेमेत गेले. तिथे पेत्राने साक्ष दिली ती परराष्ट्रीयांची. त्यांतला कैसरियातला कर्नेल्य इटालियन पलटणीचा शताधिपती. त्याचा खापरपणजोबा कोण, हे कुणी विचारले नाही. याकोबाने निवाडा दिला: मूर्तींचा विटाळ, जारकर्म, गुदमरून मारलेला प्राणी आणि रक्त वर्ज्य करा, बस्स. ही माणसे खरोखर एफ्राइमी असती, तर आठव्या दिवशीची सुंता त्यांना चुकली नसती. उलट ती माफ करणारे प्रेषितच नियमभंगाचे धनी ठरले असते! आमच्या विद्वानांना मात्र निवाडाही हवा आणि वंशावळही.

‘माझे लोक नव्हेत’ त्यांना ‘माझे लोक’ म्हणणारे होशेयाचे वचन पौल परराष्ट्रीयांना लावतो, हे खरे. पण वचन लागू केल्याने वंश बदलत नाही.

हा छंद जुनाच. कोकणातल्या बेने इस्राएलांनाही एकोणिसाव्या शतकात उत्तरेच्या त्याच दहा कुळांत बसवून झाले. ते मात्र शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, मुलांची सुंता करत, शेमा ही प्रार्थना म्हणत आधीपासूनच जगत होते.

परक्यांना अडवायला यरुशलेमेच्या मंदिरात कठडा होता. पुढे येणारा परका आपल्या मरणाला आपणच जबाबदार, अशी त्यावर ग्रीक ताकीद. तिचा एक दगड १८७१ साली सापडला, तो आज इस्तंबूलला आहे. इफिसकरांस पत्र म्हणते, मधली भिंत मशीहाने पाडली. परक्याला आधी घरचा ठरवूनच आत घ्यायचे होते, तर पाडापाडी कशासाठी?

आमचे म्हणणे थोडके आहे. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व गणला गेला तो उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात. सुंता सतराव्यात, वयाच्या ९९व्या वर्षी. म्हणून तो सुंता झालेल्या आणि न झालेल्या दोघांचाही बाप. इस्राएलाची निवड रद्द झालेली नाही आणि परराष्ट्रीयाला इस्राएली व्हावे लागत नाही. करारात त्याला वाटा मिळतो तो मशीहामुळे. विद्वानांनी वंशावळ खुशाल लिहावी. प्रवेशाला ती कुणी मागत नाही.