गोठ्यातील सुई आणि आकाशातील गिधाड

गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की घटकाभरात आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागत, हे दृश्य आज चाळिशी उलटलेल्या शेतकऱ्यांच्याच स्मरणात उरले आहे. १९९० नंतर हा पक्षी इतक्या वेगाने नाहीसा झाला की १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटल्याचे गणनेत आढळून आले. त्याची जागा मोकाट कुत्र्यांनी घेतली. कुत्र्यांबरोबर रेबीजचे भय वाढले, हे निराळे सांगावयास नको.

प्रथम साथीच्या रोगाचा संशय होता. परंतु पाकिस्तानातील पंजाबात झालेल्या संशोधनाने २००४ साली खरे कारण उजेडात आणले. मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली होती व अंतर्गत अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचला होता. हा परिणाम होता डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा. औषध टोचल्यावर थोड्याच दिवसांत जनावर दगावले तर मांसात त्याचा अंश उरतो, आणि तेवढा अंश गिधाडास पुरतो. शंभरात एकाहून कमी मृत जनावरांत तो असला तरी एवढा ऱ्हास घडू शकतो, असे गणिताने दाखविले आहे. कारण एका जनावरावर अनेक गिधाडे जेवतात आणि गिधाडाची जोडी वर्षाकाठी एकच अंडे घालते.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. लंगडणाऱ्या बैलास किंवा दगडी झालेल्या गाईस आराम पडावा म्हणून त्याने पदरचे पैसे मोजले. कुपीत काय आहे हे त्यास कोणी सांगितले नाही. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ साली कुपीची मर्यादा ३ मिलिलिटर ठरविण्यात आली. पुढे २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवरही बंदी आली. यांपैकी ॲसिक्लोफेनॅकचे तर जनावराच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होते. औषध बाजारात यावे, पक्षी मरावेत आणि मग बंदी व्हावी, हा क्रम उफराटा आहे. गुरांचे प्रत्येक नवे वेदनाशामक विक्रीस येण्यापूर्वीच गिधाडांच्या दृष्टीने तपासले गेले पाहिजे.

मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांस निर्धोक ठरले आहे, आणि ते गुरांसही गुणकारी आहे. टोल्फेनॅमिक आम्लही निर्धोक आढळले आहे. म्हणून सुई टोचण्यापूर्वी औषधाचे नाव विचारणे हा पशुपालकाचा हक्क आहे. पशुवैद्यानेही ते न विचारता सांगावे.

मेलेले प्रत्येक जनावर पुरावे, असा सल्ला हल्ली सरसकट दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. फाशीसारख्या रोगाने मेलेले, विषबाधा झालेले किंवा बंदी असलेले औषध दिलेले जनावर खोल पुरलेच पाहिजे. त्यात हयगय नको. परंतु जेथे गिधाडे अद्याप टिकून आहेत, तेथे निर्धोक जनावरही मातीआड केले तर ती खाणार काय? तेव्हा अशा गावांत कोणते जनावर उघड्यावर ठेवावयाचे याचा निर्णय पशुवैद्य व वनखाते यांच्या सल्ल्यानेच व्हावा.

हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात वाढविलेली गिधाडे २०२४ साली पेंच व ताडोबा येथे आणली गेली. मोकळे सोडलेले गिधाड अन्नासाठी दूरवर फिरते. अभयारण्याची सीमा त्यास ठाऊक नसते. त्याचे पुढील जेवण कोणत्या गावाच्या शिवारात असेल, हे कोणासही सांगता येणार नाही.