पुडीत काय आहे ते जाहीर करा, नाहीतर गाठ आमच्याशी आहे

राज्याच्या गृह आणि आरोग्य खात्यांना आम्ही पालक हा जाहीर इशारा देत आहोत.

फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभच्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी (मेफेड्रॉन) ही नशेची पावडर निघाली. अशा प्रत्येक कारवाईनंतर टेबलावर पाकिटे मांडली जातात, मागे अधिकारी उभे राहतात, फोटो निघतो आणि दुसऱ्या दिवशी कोटींचे आकडे छापून येतात. मुद्देमालाचे नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात. पुडीत काय आहे ते तिथे कळते, पण तो अहवाल दोषारोपपत्राला जोडला की कोर्टाच्या फायलीत पडून राहतो. आमची पोरे जिथे आणली जातात, त्या अपघात विभागातल्या डॉक्टरला त्यातले अक्षरही कळवले जात नाही. त्याने उपचार अंदाजाने करायचे!

नेदरलँड्समध्ये 1992 पासून लोकांनी आणून दिलेल्या गोळ्या तपासण्याची व्यवस्था सरकारी पैशावर चालते. डिसेंबर 2014 मध्ये तिथे सुपरमॅनचे चिन्ह असलेली एक गुलाबी गोळी तपासणीला आली. एक्स्टसी म्हणून विकली जाणारी ती गोळी पीएमएमए या विषाची निघाली. हे विष उशिरा चढते. काहीच होत नाही असे वाटून पोरे दुसरी गोळी घेतात आणि तीच जीव घेते. तिथे देशभर तातडीने सावधगिरीचा इशारा गेला. ब्रिटनमध्ये तो वेळेवर पोहोचला नाही आणि नव्या वर्षाच्या तोंडावर तिथे चार माणसे गेली.

यावर कुणी म्हणेल, असे इशारे देणे म्हणजे नशेला मोकळे रान देणे झाले. मुळीच नाही. विकणाऱ्याला कायद्यात 20 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, ती द्याच. आम्ही बोलतोय ते बेशुद्ध पोराला रुग्णालयाच्या दारात टाकून पळणाऱ्या मित्रांबद्दल. ते पळतात पोलिसांच्या भीतीने, आणि काय घेतले होते ते सांगायला मागे कुणी उरत नाही. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या 64अ कलमाने स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण दिले आहे. मदतीला धावणाऱ्या मित्राने काय पाप केले?

म्हणून दोन लेखी आदेश हवेत. घातक भेसळ सापडताच आरोपीचे नाव वगळून ती माहिती प्रत्येक सरकारी रुग्णालयाला आणि जनतेला कळवा. आणि रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करणाऱ्यावर सेवनाचा गुन्हा दाखल करू नका.

मुदत 26 जून, जागतिक अमली पदार्थविरोधी दिन. त्या दिवशी शपथा आणि प्रभातफेऱ्या चालणार नाहीत. आदेश निघाले नाहीत तर 27 जूनला आम्ही आझाद मैदानात ठिय्या देऊ आणि उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करू. तिथे प्रत्येक फाईल मागवली जाईल, उत्तर तयार ठेवा.

पोरांनो, तुमचा मित्र कोसळला तर आदेशाची वाट पाहू नका. 108 लावा, त्याच्याजवळ थांबा आणि त्याने काय घेतले ते डॉक्टरला खरे सांगा.